वाचकांचे प्रश्न : घरच्या गॅरेजात सदुसष्टची मस्टँग

जुन्या अमेरिकन गाड्या घरीच दुरुस्त करणाऱ्या मराठी कुटुंबांची पत्रे या महिन्यात आली. चारपैकी तीन पत्रांत गाडी एकच आहे, १९६७ ची फोर्ड मस्टँग. म्हणून सगळी उत्तरे याच गाडीला धरून दिली आहेत. मस्टँग मुळात आटोपशीर स्पोर्टी गाडी. पण १९६७ साली फोर्डने तिची पुढची बाजू रुंद केली आणि तिच्यात ३९० घनइंचांचे मोठे इंजिन बसू लागले, तेव्हापासून ती मसल कारच्या, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाच्या गाड्यांच्या, पंगतीत आली. घरगुती कामासाठी मात्र २८९ घनइंचांचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन असलेली मस्टँग बरी. तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि बोनेटखाली हात घालायला जागा असते.

प्रश्न : आम्ही दोघे, पंधरा आणि अकरा वर्षांची मुले आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे सासरे, असे मिळून एक मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छताची) उभी करायची म्हणतो. विकणारा म्हणतो, "मूळची व्ही-८ आहे." घेण्यापूर्वी काय बघावे? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

आधी नंबर वाचा. बोनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर, वरच्या कडेला, नंबर ठोकलेला असतो. तो दिसावा म्हणून मडगार्डला खाच ठेवलेली आहे. दारावर रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवरही तोच नंबर असतो, पण दार बदलता येते. म्हणून आतल्या पत्र्यावरचा नंबर आणि मालकीचा कागद जुळलेच पाहिजेत.

समजा नंबर '७ टी ०१ सी' असा सुरू होतो. ७ म्हणजे १९६७, टी म्हणजे मेटचन कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचे २८९ इंजिन. तिथे ए असेल तर कार्ब्युरेटर चार नळ्यांचा, आणि एस म्हणजे ३९०. या पाचव्या जागी टी दिसला तर गाडी जन्माने सहा सिलिंडरची आहे, मग आज आत काहीही बसवलेले असो. अशा वेळी चाकाचे नट मोजा. व्ही-८ गाडीला पाच नट असतात, सहा सिलिंडरवालीला चार. चार नटांच्या गाडीत व्ही-८ कोंबलेले असेल तर ब्रेक आणि मागचा ॲक्सल त्या ताकदीला पुरत नाहीत. तो खर्च किमतीतून वजा करून घ्या, नाहीतर गाडी सोडून द्या.

जाता जाता : कारखान्याचे नाव मेटचन असले तरी तो उभा होता तुमच्याच एडिसनमध्ये. २००४ मध्ये बंद झाला. नंबरात दुसऱ्या जागी टी असलेली गाडी मिळाली तर ती तुमच्याच गावची.

मग पाण्याची परीक्षा. समोरच्या काचेखाली जाळीचा पत्रा आहे, त्यातून केबिनमध्ये हवा येते. तिथे एक तांब्या पाणी सावकाश ओता. मुलाला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणे झोपवा आणि वर बघायला सांगा. थेंब दिसला तर आतली हवेची टोपी (हवा आत येण्याच्या भोकाभोवतीची पत्र्याची कड) गंजून गेलेली आहे. या गाडीचा हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत किचकट आजार. त्यानंतर चटई उचलून पायाखालचा पत्रा, पुढच्या चौकटीचे दांडे आणि पुढचे स्प्रिंग ज्या उभ्या मनोऱ्यात बसतात त्याच्या कडेच्या भेगा बघा. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक मागच्या मडगार्डच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे.

रंग कसाही असू दे. इंजिन बंद पडलेले असले तरी चालेल. पत्रा सडका असेल तर घरच्या मंडळींचे दोन हिवाळे त्यातच जातील.

प्रश्न : गाडी घेतली. आता ती पूर्ण खोलून काढायची का? आणि काचेखालच्या हवेच्या टोपीतून पाणी गळतेच आहे, ते कसे थांबवायचे? – एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

पूर्ण खोलू नका. खोललेली गाडी खोक्यांत जाते आणि खोक्यांतली गाडी विकली जाते. एका वेळी एकच भाग हाती घ्या. क्रम असा : पत्रा, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, पेट्रोलची टाकी आणि नळ्या, इंजिन, वायरिंग, रंग, शेवटी सीट आणि आतले सामान. चालू इंजिन बघायची मुलांना घाई असते, पण थांबत नसलेल्या गाडीचे इंजिन चालू करण्यात अर्थ नाही.

सुट्या भागांची नोंद हे आजोबांचे काम, आणि ते कमी दर्जाचे मुळीच नाही. प्रत्येक बोल्ट काढण्यापूर्वी फोटो घ्या. मग झिपच्या पिशवीत बोल्ट आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका : "उजवे मडगार्ड, वरची रांग, पुढून तिसरा, खाली दोन वॉशर." बाहेरून मार्करने लिहू नका, ग्रीस लागले की अक्षरे पुसतात. पत्र्याच्या पातळ चकत्या दिसल्या तर त्या कोणत्या बोल्टाखाली किती होत्या ते लिहाच. दारांच्या आणि मडगार्डच्या फटी त्यांच्यावरच जुळवलेल्या असतात.

आता गळती. प्लॅस्टिकची टोपी खालून चिकटवण्याचा उपाय मिळतो. एखाद्या मोसमापुरता ठीक आहे. पण चिकटवणीला धरायला पत्रा लागतो आणि तोच गेलेला असतो. खरे काम असे : बोनेट, दोन्ही पुढची मडगार्ड, वायपर आणि समोरची काच काढा. जाळीचा वरचा पत्रा शंभर-सव्वाशे स्पॉट वेल्डने जोडलेला आहे. तारेच्या ब्रशने घासले की प्रत्येक वेल्ड गोल खळगीसारखा दिसतो. खळगीच्या मध्यावर पंच मारा आणि ८ किंवा १० मिलिमीटरच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा पत्रा कापा. कटर खालच्या पत्र्यात गेला की ते भोक वेगळे भरत बसावे लागते. वरचा पत्रा सुटला की थांबा.

खालचा पत्रा चांगला असेल तर फक्त नव्या टोप्या बसवा. जाळी झाली असेल तर तोही बदला. बसवताना जोडाच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगखाली चालणारा जस्ताचा प्रायमर लावा. मिग वेल्डरला (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग यंत्र) ०.०२३ इंचाची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असा वायू घ्या. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. एका जागी सलग वेल्ड केले की तो तापून पापडासारखा उचलतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मग परत मध्ये. टाक्याला बोट लावता आले की शेजारी पुढचा टाका. कायमचे वेल्ड करण्याआधी मडगार्ड आणि बोनेट नुसते टेकवून फटी बघून घ्या.

सांध्यांवर सीम सीलर (फटी बुजवणारा लेप), त्याखाली इपॉक्सी प्रायमर. मिशिगनच्या हिवाळ्यात गॅरेज तापवल्याशिवाय प्रायमर मारू नका. पत्रा स्वतः १५ अंश सेल्सिअसच्या वर असायला हवा, नुसती हवा नव्हे. काच बसवण्यापूर्वी तांब्याची परीक्षा पुन्हा करा.

प्रश्न : चारही ड्रमचे ब्रेक नवे केले, तीनदा ब्रेकच्या तेलातली हवा काढली, तरी पेडल अर्ध्याच्या खाली जाते आणि स्पंजासारखे लागते. मुलगी पेडल दाबते, मी खाली असतो. काय चुकत असेल? – एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

पेडल खोल जाणे आणि मऊ लागणे ही दोन वेगळी लक्षणे आहेत. आधी वेगळी करून बघा. दोन-तीनदा भराभर पंप केल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल तर हवेपेक्षा सैल शूचा (ड्रमला आतून घासणारा भाग) संशय धरा. ड्रम बसवून मागच्या खाचेतून शू ड्रमजवळ आणणारे दातेरी चाक फिरवत जा. गाडीचे चाक हाताने फिरेनासे झाले की दातेरी चाक मागे घ्या, लायनिंग नुसते खर्रर्र घासेल इतपत. चारही चाकांचे हे झाल्याशिवाय हवा काढण्यात वेळ घालवू नका. याच वेळी शू बघा : आखूड लायनिंगचा शू पुढच्या बाजूला असतो, लांब लायनिंगचा मागे. हे उलट बसले की ब्रेक लागतात, पण दम नसतो.

पंप करूनही मऊच राहिले तर हवा आहे. तीन जागा तपासा. एक, मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचे तेल ढकलणारा) गाडीवर चढवण्यापूर्वी बाकावरच्या व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढली होती का? नसेल तर ती खाली कधीच उतरत नाही. दोन, चाकांतले व्हील सिलिंडर डावे-उजवे बदलले असतील तर हवा काढायचा स्क्रू नळीच्या खाली येतो. हवा वर अडकून बसते आणि तुम्ही खालून तेल काढत राहता. स्क्रू नेहमी वरच हवा. तीन, हाताने केलेल्या नळीच्या तोंडाला दुहेरी घडी आहे का? एकेरी घडी चिरते, आणि चिरलेली जागा ओली दिसण्याआधी हवा ओढते.

हवा काढायचा क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून : मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे. मुलीशी तीनच शब्द ठरवा. तुम्ही म्हणायचे "दाब", ती दाबून म्हणेल "धरलंय". मग तुम्ही स्क्रू पाव फेरा उघडायचा, पेडल खाली जाईल, तिने ते खालीच धरायचे. स्क्रू बंद केल्यावर तुम्ही म्हणायचे "सोड". ती "धरलंय" म्हणाली नाही तर स्क्रूला हात लावू नका. तिने आधी सोडले तर बाहेरची हवा आत जाते, आणि तीनदा हवा काढूनही न निघण्याचे कारण बहुधा हेच असते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडर जुना असेल तर पेडल तळाला टेकल्याने वॉशर कधी न घासलेल्या गंजक्या भागावर जातात आणि फाटतात. दर पाच-सहा दाबांनंतर मास्टर सिलिंडरच्या टाकीत डॉट ३ दर्जाचे ब्रेकचे तेल भरा, ताज्या बाटलीतले.

ही गाडी १९६७ ची असल्याने पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळ्या कप्प्यांवर चालतात. १९६६ पर्यंत कप्पा एकच होता, एक नळी फुटली की चारही चाके गेली. शेवटचे : ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसल्या तरी बदला. आतून सुजलेली नळी तेल जाऊ देते पण परत येऊ देत नाही, आणि गाडी एका बाजूला ओढते.

प्रश्न : मुलगा आणि सून टेक्सासमध्ये घरीच जुनी गाडी दुरुस्त करतात. नऊ वर्षांची नात दिवसभर तिथेच असते. जुन्या गाडीच्या धुळीने, रंगाने मुलीला काही होणार नाही ना? – एक आजी, पुणे

आजी, काळजी योग्य आहे, आणि ती नेमक्या चार ठिकाणी करायची आहे.

त्या काळच्या रंगात शिसे असू शकते. कोरडा पॉलिश पेपर घासला की ती धूळ कपड्यांवरून घरात जाते. रंग ओल्यानेच घासायचा, कामाचे कपडे गॅरेजमध्येच काढायचे आणि त्या दिवशी नात तिथे नको. जुन्या ब्रेक शूच्या आणि क्लचच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असते. त्यावर हवेचा झोत कधीही मारायचा नाही, पाण्याने भिजवून पुसायचे आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. या गाडीचे पुढचे स्प्रिंग मनोऱ्यात दाबून बसवलेले असते. ते काढायला त्याच गाडीसाठीचा खास दाबक लागतो, आणि ते काम चालू असताना फक्त मोठी माणसेच जवळ हवीत. चौथे म्हणजे शेवटचा चकचकीत रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, साध्या मास्कवर विसंबून चालत नाही. तो रंग बाहेरच्या रंगकामाच्या बूथमध्येच द्यावा, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये नाही.

मुलाला आणखी दोन गोष्टी विचारा. गाडी लोखंडी स्टँडवर उभी आहे ना? सिमेंटच्या विटांवर गाडी उचलायची नाही, वीट आधी न सांगता फुटते. आणि सांडलेला कूलंट लगेच पुसतात ना? तो चवीला गोड असतो आणि विषारी, कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना त्यापासून जपावे लागते.

नातीला करण्यासारखे पुष्कळ आहे. क्रोमच्या पट्ट्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसणे, पिशव्यांमधल्या चिठ्ठ्या वाचून भाग शोधून देणे, तांब्याने पाणी ओतणे. आणि सीटची नवी कव्हरे चढवायची वेळ आली की ती उन्हात अर्धा तास पसरायची. तापल्यावर ती ताणली जातात, सुरकुत्या राहत नाहीत. टेक्सासच्या उन्हात हे काम नऊ वर्षांची मुलगी एकटी करू शकते.