‘रिबेका’चं रहस्य सगळ्यांना ठाऊक असताना डॅफ्नी द्यू मोरिए आज का वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा: ‘रिबेका’ ही इंग्रज लेखिका डॅफ्नी द्यू मोरिएची १९३८ची कादंबरी. बोटीत कोणाचं प्रेत निघतं, वाडा शेवटी कसा जळतो, हे सिनेमे बघून सगळ्यांना पाठ झालंय. मग या बाईंचा खरंच काही प्रभाव उरलाय, की नुसतीच जुनी पुण्याई?

(पुढे मी सगळी गुपितं फोडणार आहे. ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

मी ही कादंबरी दोनदा वाचली. पहिल्यांदा एकोणीस वर्षांची असताना, रद्दीवाल्याकडून आणलेली, शेवटची पानं सुटी झालेली प्रत. दुसऱ्यांदा चाळिशी उलटल्यावर, आजारपणात पडल्या पडल्या. पहिल्या वेळी एका जागी मी सुटकेचा निःश्वास टाकला होता हे मला पक्कं आठवत होतं. दुसऱ्यांदा तीच जागा आली तेव्हा पुस्तक पालथं घालून पाणी प्यायला उठले.

ती जागा सांगते. मॅक्सिम डी विंटर हा इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या मँडर्ली नावाच्या वाड्याचा मालक. पहिली बायको रिबेका समुद्रात बुडून गेलेली. वर्षभरात तो माँटे कार्लोला एका एकवीस वर्षांच्या, पगारी सोबतीण म्हणून राबणाऱ्या बुजऱ्या मुलीशी लग्न करून तिला वाड्यावर आणतो. गोष्ट हीच मुलगी सांगते, आणि तिचं नाव पुस्तकभर कुठेही येत नाही. पुढे पाणबुड्याला रिबेकाची बोट सापडते, केबिनमध्ये सांगाडा सापडतो, आणि मॅक्सिम या दुसऱ्या बायकोला सांगतो की मी रिबेकाला गोळी घातली.

त्यावर मुलीच्या मनात काय येतं? खून, फाशी, मेलेली बाई, यातलं काहीही नाही. तिच्या मनात येतं की याचं रिबेकावर प्रेम नव्हतं. कधीच नव्हतं! ती हरखते. आणि पाऊणएक पुस्तक तिच्याबरोबर झुरत, खजील होत काढल्यामुळे आपणही हरखतो. तिथून शेवटपर्यंत आपण देव पाण्यात घालून बसतो की मॅजिस्ट्रेटला काही कळू नये, डॉक्टरच्या वहीत काही निघू नये. खुनी सुटावा म्हणून आपण धडपडतो आहोत हे लक्षातही येत नाही. रिबेका वाईट होती, व्यभिचारी होती, तिने मुद्दाम डिवचलं, हे सगळं आपल्याला सांगणारा कोण? मुख्यतः तिला मारणारा. बाईची बाजू मांडायला बाई हयातच नाही.

माझ्या मते द्यू मोरिएचा खरा वारसा हा आहे. ‘खून कोणी केला’ हा प्रश्न तिने बाजूला ठेवला आणि ‘वाचणाऱ्याला कोणाच्या बाजूला नेऊन उभं करता येतं’ हे करून दाखवलं. आज नवरा-बायकोंच्या घरातल्या ज्या थरारक कादंबऱ्या विमानतळावर ढिगाने विकल्या जातात, ज्यात सांगणारी बाईच पुरती विश्वासाची नसते, त्या या पुस्तकाच्या पोटी जन्मलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी शेवटी हातचलाखी करून टाळी मागतात. द्यू मोरिए टाळी मागत नाही. ती तुम्हाला वीस वर्षं तशीच सोडून देते.

हे ती करते कशी, तर अगदी बारक्या गोष्टींतून. लग्नानंतरची वाड्यातली पहिलीच सकाळ. नवी बायको रिबेकाच्या लिहायच्या टेबलाशी चोरासारखी बसली आहे. घरातला फोन वाजतो. पलीकडून आवाज येतो, मिसेस डी विंटर का? ही घाईघाईने सांगते, काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटरना जाऊन वर्ष उलटून गेलं. मग एकदम ध्यानात येतं की मिसेस डी विंटर आता आपणच. पलीकडे असते मिसेस डॅनव्हर्स, रिबेकाला लहानपणापासून सांभाळलेली, आता वाड्याच्या किल्ल्या हातात असलेली कारभारीण. ओरडणं नाही, रक्त नाही, दिवाही विझत नाही. एक फोन वाजतो आणि आपल्या पोटात खड्डा पडतो.

धारप-मतकरी वाचून वाढलेला मराठी वाचक इथे सवयीने भुताची वाट बघतो. भूत येतच नाही. रुमालावरचं अक्षर येतं, ब्रशात अडकलेला केस येतो, पुस्तकाच्या पहिल्या पानावरची तिरपी, इतर अक्षरांना दाबून टाकणारी सही येते. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजीची एक आत्या बिजवराला दिलेली होती. तिच्या देवघरात सवतीचा चांदीचा टाक होता, सणाला पहिलं हळदकुंकू त्याला. पितृपक्षात अविधवा नवमीला त्या अहेवपणी गेलेल्या सवतीसाठी स्वयंपाक हिनेच करायचा आणि तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. मेलेल्या बाईला घरात कायमची जागा आणि जितीने तिच्या शेजारी अंग चोरून राहायचं. मँडर्लीच्या पश्चिमेकडच्या त्या खोलीत, जिथे डॅनव्हर्सबाईंनी रिबेकाचा रात्रीचा गाऊनसुद्धा जपून ठेवलेला असतो, मला नेहमी त्या आत्याचं देवघर दिसतं.

हे सगळं द्यू मोरिएने हवेतून काढलेलं नाही. १९३७ साली नवऱ्याच्या लष्करी नोकरीमुळे ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला अडकली होती, उकाड्याने वैतागलेली, कॉर्नवॉलसाठी झुरणारी. नवऱ्याचं आधी एका देखण्या मुलीशी लग्न ठरलेलं होतं, आणि तिच्याविषयीची असूया हिच्या मनातून जात नव्हती. तिथे ही कादंबरी सुरू झाली. प्रकाशकाने ती प्रेमकथा म्हणून खपवली. तिचं स्वतःचं म्हणणं होतं की हा मत्सराचा अभ्यास आहे, आणि ‘रोमँटिक लेखिका’ हा शिक्का तिला शेवटपर्यंत डाचत राहिला. आणखी एक गंमत बघा. मँडर्लीमागचा खरा वाडा फोवी गावाजवळचा मेनाबिली. तरुणपणी तो ओसाड असताना ती झाडीतून वाट काढत त्याला बघायला जायची. पुस्तक गाजल्यावर १९४३ साली तिने तो घेतला, पण भाड्याने! वाडा पिढ्यान्‌पिढ्या रॅशली घराण्याचा, विकत मिळणं शक्यच नव्हतं. पदरचे पैसे ओतून तिने तो दुरुस्त केला, पंचवीसेक वर्षं राहिली आणि १९६९मध्ये सोडून द्यावा लागला. दुसऱ्या कोणाच्या घरात जीव गुंतवणं काय असतं हे तिला नायिकेइतकंच ठाऊक होतं.

आता सिनेमे, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख आहे. रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने तिच्या तीन गोष्टी घेतल्या: ‘जमैका इन’ (१९३९), ‘रिबेका’ (१९४०) आणि ‘द बर्ड्स’ (१९६३). सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला त्याचा एकमेव सिनेमा म्हणजे ‘रिबेका’. त्यात मिसेस डॅनव्हर्स चालताना जवळपास दिसतच नाही, वळून बघावं तर उभी! पण एक गोष्ट हिचकॉकला करता आली नाही. बायकोचा खून करणारा नायक शिक्षेविना सुटणं त्या काळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत बसत नव्हतं. त्यामुळे सिनेमात रिबेका पडते आणि डोक्याला लागून मरते, गोळीबिळी काही नाही. म्हणजे ज्याच्यावर पुस्तक उभं आहे तेच काढून टाकलं. म्हणून सिनेमा बघून ‘कथा माहीत आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

आपल्याकडे १९६४ साली ‘कोहरा’ आला. निर्माता आणि संगीतकार हेमंतकुमार, दिग्दर्शक बीरेन नाग, नायिका वहिदा रेहमान. तिला इथे नाव मिळालं, राजेश्वरी. भुताटकीचा मसाला वाढवल्यामुळे कादंबरीतली मुख्य खुबीच पातळ झाली, असं माझं मत. पण डॅनव्हर्सच्या जागी दाईमाँ झालेल्या आपल्या येवल्याच्या ललिता पवार! तो बारीक झालेला डावा डोळा आणि तोंडावरची माशी न हलवता उभं राहणं. ‘झूम झूम ढलती रात’ आजही रात्री एकटीने ऐकवत नाही.

प्रभाव कुठे कुठे झिरपलाय त्याचे दोन-तीन नमुने. हिचकॉकच्या सिनेमात दुसरी बायको झालेली जोन फाँटेन ज्या प्रकारचा बटणांचा लोकरी स्वेटर घालते त्याला स्पॅनिशमध्ये ‘रेबेका’ म्हणतात, शब्दकोशात आहे. (स्वेटर दुसरीचा, नाव पहिलीचं! बिचारी तिथेही हरली.) दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन हेरांनी सांकेतिक संदेशांसाठी याच कादंबरीच्या प्रती जवळ बाळगल्या होत्या. आणि स्टीफन किंगच्या ‘बॅग ऑफ बोन्स’मध्ये बायको गेलेल्या लेखकाला ‘रिबेका’चं पहिलंच वाक्य, मँडर्लीच्या स्वप्नाचं, पुन्हा पुन्हा छळतं.

पण फक्त ‘रिबेका’वर थांबू नका. ‘द बर्ड्स’ ही १९५२ची कथा मी लॉकडाउनमध्ये परत वाचली आणि ते करायला नको होतं असं वाटलं. सिनेमातलं कॅलिफोर्निया, ती नटवी नायिका, सगळं विसरा. मूळ गोष्टीत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचा नॅट नावाचा शेतमजूर आहे, युद्धात जायबंदी झालेला. पक्षी भरतीच्या वेळी हल्ला करतात आणि ओहोटीला थांबतात, हे त्याच्या लक्षात येतं, मग तो त्या वेळा धरून खिडक्यांना फळ्या ठोकतो, शिधा मोजतो. रेडिओवर आधी आणीबाणीची सूचना येते, पुढे रेडिओ मुका होतो. शेवटी नॅट पाकिटातली उरलेली एकच सिगारेट ओढतो आणि रिकामं पाकीट चुलीत टाकतो. पक्षी का बिथरले हे द्यू मोरिए सांगत नाही.

तिचं सगळंच भारी आहे असं अजिबात नाही. ‘फ्रेंचमन्स क्रीक’ मला शंभर पानांपुढे गेली नाही. ‘जमैका इन’चा खलनायक पुष्कळ आधी ओळखू येतो. शेवटची ‘रूल ब्रिटानिया’ (१९७२) कादंबरी म्हणून ढिली, पण त्यात ब्रिटन युरोपातून बाहेर पडून अमेरिकेच्या कह्यात जातो, एवढ्यासाठी कुतूहल म्हणून चाळावी.

तुम्ही एकच वाचणार असाल तर ‘माय कझिन रेचल’ (१९५१) वाचा. फिलिप नावाचा तरुण सांगतो: मला वाढवणारा भाऊ अँब्रोस फ्लॉरेन्सला गेला, रेचलशी लग्न केलं आणि मेला. त्याच्या पत्रांत तिच्याविषयी संशय, पण त्याला मेंदूचा आजार असण्याचीही शक्यता. मग रेचल फिलिपच्या घरी येते, काढे करून पाजते, आणि हा तिच्या प्रेमात पडून सगळी इस्टेट तिच्या नावे करतो. नंतर आजारी पडतो. तिच्या सामानात विषारी झाडाच्या बिया सापडतात. बागेतला अर्धवट पूल वजन पेलणार नाही हे माहीत असताना तो तिला तिकडे फिरायला जाऊ देतो.

वाचून झालं की तिने विष घातलं की नाही, ते खाली लिहा. आमच्या घरात नवरा म्हणतो घातलं, मी म्हणते नाही, आणि हे बारा वर्षं चालू आहे.