सही मालकाची, कागद डिझायनरचे : इंटिरियरच्या करारावर वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात इंटिरियरच्या कामाची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेक नागपूरची आहेत. मनीषनगर, धरमपेठ, बेसा, नंदनवन अशा वस्त्या वेगवेगळ्या असल्या तरी दुखणं एकच आहे. काम सुरू झालं तेव्हा नेमकं काय ठरलं होतं, हे दाखवणारा कागद कुणाकडेच नाही.

प्रश्न : मनीषनगरला आमचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. डिझायनर ताईंनी थ्रीडी चित्रं दाखवली. ठेकेदाराने एका पानावर ‘पूर्ण इंटिरियर, मटेरियलसह, ११ लाख ४० हजार’ असं लिहून दिलं. आता तो वॉर्डरोबवरच्या लॉफ्टचे, सॉफ्ट-क्लोज कब्ज्यांचे आणि टाइल्सचे जास्तीचे पैसे मागतो आहे. थ्रीडीत लॉफ्ट स्पष्ट दिसतो. मग तो धरला जात नाही का?

उत्तर : कोटेशनमध्ये त्या चित्रांचा उल्लेख असेल, किंवा ठेकेदाराने त्यांवर सही केली असेल, तर लॉफ्टच्या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे. चित्रं फक्त व्हॉट्सॲपवर आली असतील, तरी ती भाव देण्याआधी त्याला पाठवली होती हे दाखवता येतं. ते मेसेज जपून ठेवा. कब्ज्यांचं तसं नाही. थ्रीडीत रंग आणि आकार दिसतो. प्लायची जाडी, आतलं लायनर (कपाटाच्या आतून चिकटवायचं पातळ लॅमिनेट), कब्जा साधा की सॉफ्ट-क्लोज यातलं काहीच दिसत नाही. जे लिहिलेलं नाही ते ठेकेदार आपल्या सोयीने, म्हणजे स्वस्तात स्वस्त धरतो.

इथे डिझायनरचं खरं काम सुरू होतं. भाव मागवण्याआधी तिने ठेकेदाराच्या हातात तीन गोष्टी द्यायला हव्यात : मापांसह चित्रं (फर्निचरची मांडणी, प्रत्येक भिंतीचं एलिव्हेशन म्हणजे समोरून दिसणारं चित्र, वॉर्डरोब व किचनचे छेद, इलेक्ट्रिकल आणि सीलिंगचं लेआउट), मटेरियलचं स्पेसिफिकेशन आणि बीओक्यू, म्हणजे बाबवार परिमाणांचं पत्रक. हे तिन्ही कागद करारपत्राला जोडून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या झाल्या की ते कराराचे दस्तऐवज होतात. तोवर ते नुसते डिझायनरचे कागद.

बीओक्यूतली एक बाब कशी लिहायची ते पाहा. बऱ्याच कोटेशनमध्ये असं असतं : ‘वॉर्डरोब, प्लाय व लॅमिनेटमध्ये, ४९ चौ. फूट.’ हीच बाब अशी लिहायला हवी :

‘मास्टर बेडरूम वॉर्डरोब, चित्र क्र. ७, आवृत्ती २. रुंदी ७ फूट, उंची ७ फूट, खोली २ फूट; वर २ फूट उंचीचा लॉफ्ट. सांगाडा १८ मिमी प्लाय, आयएस ७१०चा शिक्का असलेला. पाठ ६ मिमी, त्याच दर्जाची. आतून ०.८ मिमी लायनर. शटरला दोन्ही बाजूंनी १ मिमी लॅमिनेट, सही केलेल्या नमुन्याप्रमाणे. एजबँड शटरला २ मिमी, आत ०.८ मिमी. मोठ्या शटरला प्रत्येकी ४ सॉफ्ट-क्लोज कब्जे. २ ड्रॉवर, १८ इंची टेलिस्कोपिक चॅनल. हँडल, कुलूप, कपड्यांचा दांडा धरून. मोजमाप दर्शनी क्षेत्रावर : वॉर्डरोब ४९ चौ. फूट, लॉफ्ट १४ चौ. फूट, दर वेगवेगळे.’

चौरस फुटाला १,५०० रुपये धरले, तर त्या १४ फुटांचे २१,००० होतात. एका ओळीने हे भांडण टळलं असतं. ‘दोन्ही बाजूंनी १ मिमी’ हे मुद्दाम लिहिलं आहे. बाहेर १ मिमी आणि आत पातळ लायनर लावलं की दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही. नागपूरचा मे महिना भट्टीसारखा कोरडा आणि जुलै ओला, त्यामुळे सात फुटी शटर एका हंगामात धनुष्यासारखं वाकतं. मग सुतार प्लायला दोष देतो आणि प्लायवाला सुताराला. आयएस ७१० (ओलावा सोसणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) सगळीकडे हवीच असं मात्र नाही. सिंकखालचं कपाट, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं फर्निचर आणि कूलरच्या खिडकीजवळचा भाग इथे ती घ्या. कोरड्या भिंतीला आयएस ३०३ची, म्हणजे सर्वसाधारण वापराची प्लाय पुरते आणि पैसे वाचतात.

टाइल्सचं भांडण वेगळं आहे. त्या आधी निवडलेल्या नसतात, म्हणून बीओक्यूत ‘बेसिक रेट’, म्हणजे टाइलच्या खरेदीचा गृहीत दर लिहायचा. समजा बेसिक रेट ९० रुपये चौरस फूट लिहिला आणि तुम्ही दुकानात १४०ची टाइल पसंत केली. ४२० फूट फरशीला फरक ४२० गुणिले ५०, म्हणजे २१,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. तुटफूट किती टक्के धरली, तो मालही याच फरकाने वाढणार का, हेही आधीच लिहून घ्यावं. फरकावर ठेकेदाराने पुन्हा नफा लावायचा नाही, हे वाक्य डिझायनरने घालायलाच हवं.

आणि कूलर! बाहेरच्या शहरातल्या नमुन्यावरून केलेल्या चित्रांत तो हमखास राहून जातो. कोणत्या खिडकीला बसणार, पॉइंट कुठे, पाण्याचा नळ आणि निचरा कुठून, त्या खिडकीला पडद्याची पेटी करायची की नाही, हे इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगच्या लेआउटवर दिसलं पाहिजे. पेंट झाल्यावर भिंत फोडून नळ ओढायचा म्हणजे तीन बाबी ‘एक्स्ट्रा’त गेल्या.

तुमच्यापुरतं आज इतकंच करा : वादातल्या बाबींची यादी डिझायनरकडून करून घ्या, प्रत्येक बाबीपुढे परिमाण आणि दर लिहून घ्या, आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

प्रश्न : धरमपेठेतले आमचे डिझायनर म्हणतात, ‘ठेकेदार माझाच आहे, वेगळा करार कशाला?’ ते खर्चाच्या ८ टक्के फी घेतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : एकाच माणसाने दोन टोप्या घातल्या आहेत. डिझायनर जेव्हा फक्त डिझायनर असतो, तेव्हा तो मालकाच्या वतीने ठेकेदाराचं काम तपासतो, बिल कमी-जास्त करतो, खराब काम उखडायला लावतो. ठेकेदार त्याचाच असेल तर तो कुणाचं बिल कापणार? टर्नकी पद्धत (डिझाइन आणि काम दोन्ही एकाकडेच) बेकायदा नाही आणि ती चांगली चालल्याची उदाहरणंही आहेत. पण मग त्याच्याशी ठेकेदार म्हणूनच करार करा. खर्चावर टक्केवारीची फी देऊ नका, एकच ठरलेली रक्कम लिहा. मोजमाप तपासायला दुसरा माणूस नेमा. दोन-तीन भेटींची त्याची फी जड जात नाही.

वेगळं काम द्यायचं असेल तर करार दोन लागतात. पहिला तुमचा आणि डिझायनरचा. कोणती चित्रं, किती आवृत्त्या फीमध्ये, आठवड्याला किती साइट-भेटी, ठेकेदाराचं बिल आल्यावर किती दिवसांत तपासायचं (सात दिवस पुरेसे), आणि पुरवठादाराकडून कमिशन घेणार नाही, किंवा घेतल्यास ते मालकाच्या हिशोबात दाखवील, हे त्यात असावं. दुसरा करार तुमचा आणि ठेकेदाराचा. त्यात डिझायनर पक्षकार नसतो; त्याचं नाव सूचना देणारा आणि बिल प्रमाणित करणारा म्हणून येतं. त्याच्या अधिकाराला मर्यादा घाला : उदाहरणार्थ, १०,००० रुपयांपर्यंतचा बदल त्याच्या लेखी सूचनेवर, त्यापुढे तुमची सही. आणि तुम्हीही परस्पर सुताराला ‘भाऊ, हे दोन इंच खाली घे’ असं सांगू नका. त्या दोन इंचांची जबाबदारी मग तुमच्याकडे येते.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ मुळे नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही; इंटिरियर डिझायनरसाठी तशी कायद्याची नोंदणी नाही. म्हणून त्याची सही कुठवर चालते ते करारातच लिहावं लागतं. भिंत पाडणं, बीमला किंवा कॉलमला भोक, बाल्कनी आत घेणं, टेरेसवर वजन टाकणं हे त्याच्या सहीवर कधीच करू नका. स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र आणि लागते तिथे महापालिकेची किंवा प्राधिकरणाची परवानगी हवी. फ्लॅट नवा असेल तर आणखी एक : रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा) कायद्याने ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती बिल्डरने करून द्यायची असते. तुम्ही बाथरूमची फरशी फोडली आणि मग गळती लागली, तर बिल्डर तुमच्या फोडाफोडीकडे बोट दाखवणारच. फोडणं अटळ असेल तर आधीचे फोटो, नवं वॉटरप्रूफिंग आणि टाइल बसवण्याआधी ७२ तास पाणी भरून घेतलेली चाचणी, या तिन्ही गोष्टी बीओक्यूत स्वतंत्र बाब म्हणून येऊ द्या.

प्रश्न : मी वर्धा रोडवर फर्निचरची कामं घेतो. चित्रात कपाटाची पाठ १२ मिमी, बीओक्यूत ६ मिमी. मी ६ चा भाव दिला. डिझायनर म्हणतात १२ लावा. कुणाचं खरं?

उत्तर : करारात दस्तऐवजांचा अग्रक्रम लिहिला असेल तर तोच अंतिम. साधारणपणे करारपत्र, मग विशेष अटी, मग स्पेसिफिकेशन, चित्रं, बीओक्यू अशी उतरंड ठेवतात. पण प्रत्येक करारात ती वेगळी असू शकते, म्हणून आधी ती ओळ शोधा. चित्रांच्या आपसांतल्या विसंगतीसाठी दोन नियम लिहून ठेवायची पद्धत आहे : पट्टीने मोजलेल्या मापापेक्षा आकड्यात लिहिलेलं माप खरं, आणि लहान स्केलच्या चित्रापेक्षा मोठ्या स्केलचा तपशील खरा.

अग्रक्रम लिहिलाच नसेल तर संदिग्ध मजकुराचा अर्थ तो लिहिणाऱ्याच्या विरोधात लावण्याकडे कल असतो, आणि इथे दोन्ही कागद मालकाच्या बाजूने आले आहेत. पण त्या भरवशावर काम करू नका. विसंगती दिसली त्याच दिवशी लेखी विचारा : ‘चित्र क्र. ७ मध्ये १२, बीओक्यू बाब १४ मध्ये ६. भाव ६ चा दिला आहे. १२ हवी असल्यास दर अमुक. उत्तर तीन दिवसांत हवं.’ उत्तर येईपर्यंत तेवढं काम थांबवा, बाकीचं चालू ठेवा. ६ मिमी लावून मोकळं झाल्यावर हा प्रश्न विचाराल तर तुमच्या बाजूला फारसं बळ राहणार नाही.

आवृत्तीचंही सांभाळा. साइटवर जुनं चित्र भिंतीला चिकटलेलं आणि नवं मोबाइलमध्ये, यामुळे बरीच चुकीची कटिंग होते. नवी आवृत्ती आली की जुन्यावर ‘रद्द’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

प्रश्न : बेस्याला रो-हाउसचं काम आहे. ठेकेदार सुरुवातीलाच ५० टक्के मागतो. हप्ते कसे पाडावेत? उशिराचा दंड लावता येतो का?

उत्तर : सुरुवातीला १० टक्के, फार तर १५. प्लाय साइटवर उतरून डिझायनरने शिक्का आणि जाडी तपासल्यावर त्या मालाचा हप्ता. पुढे झालेल्या कामाच्या मोजमापावर वेळोवेळी रनिंग बिलं. प्रत्येक बिलातून सुरुवातीची उचल प्रमाणात वळती करायची आणि ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम, रोखायचं. शेवटी डिझायनर खोलीवार त्रुटींची यादी करतो. त्या भरून निघाल्या की काम पूर्ण झाल्याचं पत्र आणि अर्धं रिटेन्शन. उरलेलं दोषदायित्वाचे, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायचे, १२ महिने संपल्यावर. आपल्याकडे हे बारा महिने सोडू नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेल्याशिवाय सागाच्या दाराचा सांधा खरा कळत नाही. लाकडाची आर्द्रता १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावी आणि ती मीटर लावून दाखवावी, अशी अट स्पेसिफिकेशनमध्ये टाका. सीपी (मध्य भारतातला) सागही ओला लावला तर फाकतोच. मेलामाइन पॉलिश भर पावसाळ्यात आलं तर पृष्ठभागावर पांढरट झाक येऊ शकते. वेळापत्रकात ते पावसाआधी किंवा नंतर ठेवा.

उशिराची रक्कम लिहिता येते. पण करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. तिच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. तुम्ही लॅमिनेट निवडायला तीन आठवडे लावले असतील तर ते दिवस मुदतीत वाढतात. म्हणून प्रत्येक निवडीची शेवटची तारीख डिझायनरच्या वेळापत्रकात असू द्या.

प्रश्न : रंगाऱ्याने दारं-खिडक्या वजा न करता भिंती मोजल्या. नंदनवनमधल्या आमच्या घरात सात दारं आहेत.

उत्तर : करारात ‘मोजमाप आयएस १२००प्रमाणे’ (बांधकामाची मोजमापं कशी घ्यायची याचं भारतीय मानक) असं असेल तर अर्धा चौ. मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट नाही. ०.५ ते ३ चौ. मीटरच्या उघड्या भागाला, दोन्ही बाजूंना एकच रंग असेल तर, एकाच बाजूची वजावट. दुसरी बाजू कडांच्या रंगाच्या बदल्यात धरली जाते. ३ बाय ७ फुटांचं दार साधारण २ चौ. मीटर भरतं. म्हणजे दारामागे २१ चौ. फूट, सात दारांचे १४७ चौ. फूट वजा करून मागा. पॅच, प्रायमर, पुट्टी आणि रंग एकाच दरात असतील तर हीच वजावट सगळ्यांना लागू.

प्रश्न : हा सगळा करार साध्या कागदावर चालेल का?

उत्तर : करार म्हणून बंधनकारक होईल, पण मुद्रांक कमी असला तर मुद्रांक शुल्क आणि दंड भरल्याशिवाय न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. कामाच्या करारावरचं शुल्क रकमेप्रमाणे ठरतं. सहीच्या आधी परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याकडे किंवा वकिलाकडे विचारून घ्या. मटेरियलसह कामावर जीएसटी १८ टक्के असतो. दर जीएसटी धरून की वेगळा, हे बीओक्यूच्या शेवटच्या ओळीत लिहा, आणि ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक त्याच पानावर घ्या.