दिवाळीला मुक्कामी आलेला पाहुणा जिन्यावरून पडला, तर जबाबदारी कोणाची?

सुट्टीत राहायला आलेला पाहुणा आपल्या घरात पडून जखमी झाला तर घरमालकावर कायदेशीर जबाबदारी येते का आणि त्यासाठी विमा काढावा का, असे आपण विचारले आहे. जबाबदारी येऊ शकते. ‘आपल्याच माणसांत कसला आला आहे कायदा’ असे कोणी म्हणाले तर त्याचे ऐकू नका. हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून बारा वर्षे ऐकले आहे.

आमचा वडिलोपार्जित वाडा पंचवटीत आहे. तळमजल्यावर मी राहतो, वर दादा राहतो आणि जिना दोघांचा सामाईक आहे. सोळा दगडी पायऱ्या, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. वडील गेल्यानंतर मी अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून कठड्याचे १८,००० रुपयांचे दरपत्रक आणले, तेव्हा दादा म्हणाला की बाबा आयुष्यभर याच जिन्यावरून चढले-उतरले, त्यांना कधी कठडा लागला नाही. (बाबा शेवटची चार वर्षे जिना चढलेच नव्हते, हे तो सांगत नाही.) प्रश्न ९,००० रुपयांचा होता आणि तो दर दिवाळीला निघून दर दिवाळीला बारगळत असे.

२०२४ च्या नरकचतुर्दशीला दादाचे व्याही सहकुटुंब मुक्कामाला होते. न्हाणीघर खाली असल्यामुळे पहाटे अंगाला तेल लावून मंडळी एकेक करून जिना उतरत होती, जिन्यातला दिवा महिनाभर बंद होता आणि हौसेने प्रत्येक पायरीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात पणती ठेवलेली असल्यामुळे उतरणाऱ्याला उघड्या कडेनेच पाय टाकावा लागत होता. अडुसष्ट वर्षांचे व्याही मधल्याच एका पायरीवरून घसरून खालच्या फरशीवर पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयाने अपघाताची नोंद करून पोलिसांना कळवले, आणि पाडव्याच्या दिवशी एक हवालदार जबाब घ्यायला आमच्या दारात आला. घरपट्टी माझ्या नावावर असल्यामुळे त्याने मला बोलावले. दादा वरच्या गॅलरीतून म्हणाला, “घरपट्टी तुझ्या नावावर आहे, तेव्हा तूच बोल.” ती घरपट्टी माझ्या नावावर का आहे, तर वडील गेले तेव्हा दादा नोकरीनिमित्त बाहेरगावी होता आणि महापालिकेत खेटे घालायला त्याला वेळ नव्हता.

त्यानंतर मी ओळखीच्या वकिलांकडे तीन वेळा जाऊन हा विषय समजून घेतला. इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीवर १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून भरपाईचा दावा निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर चालतो. तिथे मुख्य प्रश्न असा विचारला जातो की जागेवर प्रत्यक्ष ताबा आणि नियंत्रण कोणाचे होते, धोका त्याला माहीत होता का आणि तो दूर करणे वाजवी खर्चात शक्य होते का. घरपट्टीची पावती हा त्यातला एक कागद असतो, निकाल नसतो, ही गोष्ट मी दादाला लेखी कळवली आहे. शिवाय हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापत आहे, आणि दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात येईल अशा निष्काळजी कृतीमुळे ती झाल्याचे सिद्ध झाले, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्यावर गुन्हा नोंदवला गेला नाही, कारण व्याह्यांनी ‘माझाच पाय घसरला’ असा जबाब दिला. भल्या माणसाच्या त्या एका वाक्यावर आम्ही सुटलो, याला दादा आजही ‘काही झाले नाही’ असे म्हणतो.

रुग्णालयाचे बिल त्यांच्या आरोग्य विम्यातून बरेचसे भागले. उरलेली रक्कम मी देऊ केली तेव्हा दादा म्हणाला की पैसे दिले म्हणजे चूक कबूल केल्यासारखे होईल. चूक होतीच, आणि ती बारा वर्षे जुनी होती. रक्कम मी दिली.

पाहुण्याचीही काही चूक असेल तर न्यायालय भरपाई त्या प्रमाणात कमी करू शकते, हे सांगायचे राहिले. पाहुण्याकडून ‘पडल्यास आम्ही जबाबदार नाही’ असे लिहून घेण्याचा विचार मात्र सोडा. दारात कागद पुढे करण्यापेक्षा दिवा दुरुस्त करणे स्वस्त पडते. आपण सिंहस्थात यात्रेकरूंना पैसे घेऊन खोल्या देणार असाल, तर परिस्थिती वेगळी आहे, कारण मोफत सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, परंतु मोबदला घेतला की पाहुणा ग्राहक होतो.

विम्याबद्दल एवढेच सांगतो की २०२१ पासून विमा कंपन्या देत असलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप अशा कारणांनी इमारतीच्या आणि घरातील वस्तूंच्या नुकसानीसाठी आहे. पाहुण्याच्या दुखापतीच्या दायित्वाचे संरक्षण हवे असेल तर ते स्वतंत्रपणे मागून घ्यावे लागते. मी वकील नाही, त्यामुळे आपली कागदपत्रे वकिलाला दाखवूनच पुढचे ठरवा. मात्र घर भावाबरोबर सामाईक असेल तर जिना, गच्ची आणि विहीर यांची देखभाल कोणी करायची आणि खर्च कसा वाटायचा, हे वाटणीच्या कागदात आधी लिहून घ्या. आमच्याकडे कठडा मागच्या वर्षी माझ्या पैशाने बसला, दादा रोज तो धरूनच वर जातो, आणि त्याच्या वाट्याचे ९,००० रुपये अजून यायचे आहेत.