लॅब नको म्हणून कॉम्प्युटेशनल क्वांटम केमिस्ट्रीत पीएचडी करावी का?

तुम्ही विचारलंय की एमएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष आहे, लॅबमध्ये मन रमत नाही, तर कॉम्प्युटेशनल क्वांटम केमिस्ट्रीत (म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवून रेणू कसे वागतील ते काढण्यात) पीएचडी करू का, आणि या लोकांचं दिवसभराचं काम नक्की काय असतं.

मी याच विषयात पीएचडी केली आणि आजही याच कामात आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, पहिल्याचं त्यातूनच निघेल.

समजा सिंथेसिस करणाऱ्या एखाद्या ग्रुपनं सांगितलं की आमच्या अभिक्रियेत दोन प्रॉडक्ट शक्य आहेत, पण मिळतं एकच, आणि का ते कळत नाही. आमचं काम इथून सुरू होतं. रेणूतल्या प्रत्येक अणूचे एक्स-वाय-झेड आकडे, वरच्या ओळीत मेथड (गणिताची पद्धत) आणि बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांची ऑर्बिटल्स ज्या फलांतून रचायची त्यांचा संच), चार्ज, मल्टिप्लिसिटी (इलेक्ट्रॉनांच्या स्पिनवरून येणारा आकडा) अशी फाइल तयार करायची आणि क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरांवर, जॉब लावायचा. रचना कन्व्हर्ज झाली, म्हणजे बदलायची थांबली, की रेणूच्या कंपनांच्या फ्रीक्वेन्सी काढायच्या. स्थिर रेणू असेल तर त्या सगळ्या धन यायला हव्यात. एक जरी उणे छापून आली तर ऊर्जेच्या नकाशावर आपण दरीच्या तळाशी नाही, खिंडीत उभे आहोत. ट्रान्झिशन स्टेट (अभिक्रियेच्या वाटेवरचा ऊर्जेचा अडथळा) शोधताना मात्र ती खिंडच हवी असते, म्हणजे नेमकी एकच उणे फ्रीक्वेन्सी. तीसुद्धा स्क्रीनवर हलवून पाहायची : जो बंध तुटायला हवा तोच तुटतोय ना? कित्येकदा लांबचा एखादा मिथाइल गटच गरगर फिरताना दिसतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

हे शिकायला काही महिने पुरतात. खरा कस लागतो तो आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवताना. पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा सुमारे उणे ७६.४ हार्ट्री (आमच्या गणितातलं ऊर्जेचं एकक), म्हणजे उणे ४८ हजार किलोकॅलरी प्रति मोलच्या आसपास. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध जेमतेम ५ किलोकॅलरीचा. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून तो ५ बाहेर काढायचा असतो. आणि खोलीच्या तापमानाला अडथळ्याच्या उंचीत १.४ किलोकॅलरीची चूक झाली की अभिक्रियेचा वेग दहापट चुकतो.

सॉफ्टवेअर ही चूक दाखवत नाही. बेंझिनचे दोन रेणू एकावर एक ठेवून नुसत्या बी३एलवायपी या मेथडनं गणित करा. ते एकमेकांना ढकलतात असं उत्तर येईल. प्रत्यक्षात ते एकमेकांना ओढतात, कारण इलेक्ट्रॉनांच्या चढउतारातून येणारं डिस्पर्शनचं आकर्षण या मेथडमध्ये धरलेलंच नाही. जॉब मात्र विनातक्रार पूर्ण होतो. ज्याला केमिस्ट्री येते तोच इथे थबकतो. म्हणून लॅबचा कंटाळा हे या विषयात येण्याचं कारण मला पुरेसं वाटत नाही. पिपेट हातात धरावी लागणार नाही हे खरं, पण लॅबमधला माणूस काय मोजतो आणि त्याच्या मोजमापात खोट कुठे असू शकते, हे रोज समजून घ्यावं लागतं.

गणिताची आवड असेल तर मात्र जरूर या. रेणूंचे नियम माहीत आहेत, अडचण समीकरणं सुटत नाहीत ही आहे, असं डिरॅक यांनी १९२९ मध्येच लिहून ठेवलं होतं. वाट काढणाऱ्यांतले एक केंब्रिजचे बॉईज. १९५० मध्ये त्यांनी ऑर्बिटल्ससाठी गॉसियन फलं सुचवली. वेगवेगळ्या केंद्रांवरच्या दोन गॉसियनांचा गुणाकार पुन्हा गॉसियनच असतो, त्यामुळे जिवावर येणारी इंटिग्रल्स एकदम आवाक्यात आली. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते. तिच्यावरच जॉन पोपल यांनी पिट्सबर्गमध्ये 'गॉसियन ७०' हा प्रोग्रॅम उभा केला. १९९८ चं केमिस्ट्रीचं नोबेल पोपल आणि वॉल्टर कोन यांना मिळालं. पोपल गणिताचे, कोन फिजिक्सचे. केमिस्ट्रीची पदवी दोघांपैकी एकाकडेही नव्हती.

आता आपल्याकडचं. हा विषय पुण्यात चांगला रुजलेला आहे, हे विद्यार्थ्यांना अनेकदा माहीतच नसतं. पुणे विद्यापीठात राजीव पाठक आणि श्रीधर गद्रे यांनी १९९० मध्ये सिद्ध केलं की रेणूच्या इलेक्ट्रोस्टॅटिक पोटेन्शियलला (त्याच्या विद्युतभारांमुळे भोवती तयार होणाऱ्या विभवाला) अणुकेंद्रांखेरीज कुठेही कमाल बिंदू असूच शकत नाही. गद्रे यांच्याच ग्रुपची दुसरी कल्पना म्हणजे मॉलिक्युलर टेलरिंग. कपल्ड क्लस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा एकमेकांवरचा परिणाम बारकाईनं धरणाऱ्या पद्धती. त्यांत सीसीएसडी(टी) अतिशय भरवशाची, पण तिचा खर्च रेणूच्या आकाराच्या सातव्या घाताने वाढतो : रेणू दुप्पट, वेळ १२८ पट. त्यावर यांचा उपाय म्हणजे मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे करून कापायचा, प्रत्येकाचं गणित वेगळं करायचं, आणि दोनदा मोजलेला भाग वजा करून उत्तर जोडायचं. मोठी यंत्रं हाताशी नसताना हा विचार किती मोलाचा आहे ते सांगायला नको. पुण्यातल्याच एनसीएलमध्ये (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) सौरव पाल यांनी कपल्ड क्लस्टर पद्धतींवरच मोठं काम केलं.

व्यवहाराचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट किंवा गेट द्या. जेआरएफची (ज्युनिअर रिसर्च फेलो) फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. पीएचडीला पाचेक वर्षं धरा आणि प्राध्यापकी हवी असेल तर पुढे पोस्टडॉक, बहुधा परदेशात. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आणि स्पर्धा तीव्र, हे घरी आधीच सांगून ठेवा. औषधं, बॅटरी, कॅटॅलिस्ट यांवर काम करणाऱ्या कंपन्याही घेतात, पण तिथे पायथॉन चांगलं यावं लागतं आणि हल्ली मशीन लर्निंगबद्दलही विचारतात. गाइड निवडताना ग्रुप नव्या मेथड बनवतो की असलेल्या वापरतो हे नक्की विचारा. दोन्ही कामं चांगली, पण आयुष्य वेगळं.

अर्ज करण्याआधी एक करून पाहा. पायएससीएफ किंवा साय४ हे याच गणितांचे प्रोग्रॅम फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. पाण्याचे दोन रेणू घ्या, लहान बेसिस सेटपासून सुरुवात करून एकेक पायरी वाढवत हायड्रोजन बंधाची ऊर्जा काढा. आकडा दर वेळी बदलेल. तो का बदलतोय हे शोधण्यात तुमची संध्याकाळ कधी संपली ते कळलं नाही, तर नेटचा फॉर्म भरा. अडलात तर इथेच खाली इनपुट फाइल टाका, मी बघेन.