मागे बसून नक्की बघायचं काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी ऐरोलीच्या एका शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवते. सध्या आमच्याकडे बी.एड.चे छात्राध्यापक आलेत आणि सामाजिक शास्त्राच्या पाठांचं निरीक्षण माझ्या गळ्यात पडलंय. वर्गात ५८ मुलं. मी शेवटच्या बाकावर वही घेऊन बसते, दहा मिनिटांत गोंधळ सुरू होतो, मग मला राहवत नाही, उठून एकदा ओरडले की वर्ग चिडीचूप, पण शिकवणाऱ्या मुलीचा चेहरा पडतो. नाही उठले तर शेजारच्या वर्गावरच्या सर दारात येऊन उभे! फॉर्मवर प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, वर्गनियंत्रण असे रकाने आहेत, त्यात सगळ्यांना ‘चांगले’ नाहीतर ‘समाधानकारक’ लिहून मोकळी होते. खरं बघायचं काय, उठायचं की नाही, आणि माहिती चुकीची सांगितली तर तिथेच दुरुस्त करायची का?

उत्तर : ताई, आधी उठायचं बघू. उठू नका. तुम्ही एकदा उठलात की ५८ मुलांना कळतं की इथे बॉस कोण, आणि मग ती मुलगी पुढचे कितीही दिवस तुमच्या शाळेत असली तरी वर्ग तिचा होत नाही. शेजारच्या सरांना स्टाफरूममध्येच सांगून ठेवा की हे काही दिवस थोडं सांभाळून घ्या, सरावाचे पाठ चाललेत. कोणाला लागलं, मारामारी झाली, किंवा छात्राध्यापकाचा हात मुलावर उठायला लागला तर मात्र ताबडतोब उठायचं, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही, त्यात ‘शिकाऊ आहे’ ही सबब चालत नाही.

दुसरं म्हणजे तुमची जागा बदला. शेवटच्या बाकावरून वेण्या आणि कॉलर दिसतात, चेहरे दिसत नाहीत. खिडकीच्या बाजूला, पुढून दुसऱ्या-तिसऱ्या बाकाच्या रेषेत खुर्ची आडवी टाकून बसा आणि शिकवणारीकडे कमी, मुलांकडे जास्त बघा. ती कशी बोलते हे तुम्हाला ऐकू येणारच आहे.

आता वहीत काय लिहायचं. विशेषणं बंद, वेळ आणि घडलेली गोष्ट एवढंच. समजा सहावीचा ‘शहरी स्थानिक शासन संस्था’ चालू आहे. ११.२४ ला तक्ता टांगायला पाठ वळली, खिळा निघाला, पुढच्या बाकावरची दोन मुलं तक्ता धरायला उठली, तक्ता उलटा, हशा, ११.२७ ला पाठ परत सुरू. ह्या तीन मिनिटांत बाकीच्या ५६ जणांना करायला काहीच नव्हतं आणि गोंधळ नेमका तिथून सुरू झाला, तोही दाराजवळच्या रांगेतून. हे असं लिहिलंत तर तिला उद्या काय करायचं ते कळेल, म्हणजे तक्ता सुट्टीतच टांगून त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं. ‘वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे’ वाचून ती फक्त जास्त जोरात ओरडेल.

हा काही माझ्या मनाचा शोध नाही. जेकब कूनिन ह्या अमेरिकन अभ्यासकाने खूप वर्गांचं चित्रण करून बघितलं आणि १९७० मध्ये मांडलं की मुलं बिघडल्यावर शिक्षक काय करतो त्यात चांगल्या आणि वाईट वर्गांत फारसा फरकच सापडत नाही, फरक आहे तो आधी काय करतो त्यात. नजर सगळ्या वर्गावर आहे का, पाठ मध्येच अडकतो का, एकाला प्रश्न विचारला की बाकीचे सुट्टीवर जातात का, वगैरे. भूगोलाच्या तासाला तर हे हमखास, ‘ये, नकाशावर नाशिक दाखव’ म्हटलं की एक पोरगा फळ्याशी आणि अख्खा वर्ग मोकळा.

फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत, म्हणजे वर्गात कोण कसं बोलतंय ते आकड्यांत नोंदवायची रीत, तुम्ही बी.एड.ला परीक्षेपुरती पाठ केली असेल, दर ३ सेकंदांनी एक आकडा, १० प्रकार, त्यातले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ मुलांच्या बोलण्याचे आणि १ शांतता किंवा गोंधळाचा. ती सगळी नका करू, वेड लागेल. मधली पाचच मिनिटं घ्या आणि कोण बोलतंय त्याच्या रेघा मारा, बाई की मुलं. इतिहासाच्या तासाला सगळ्या रेघा एकाच बाजूला गेल्या तर कागद तिच्या हातात द्या, भाषणाची गरज नाही.

पण आपल्या विषयाची एक खरी अडचण आहे आणि तीच फॉर्ममध्ये कुठे बसत नाही. सामाजिक शास्त्राचा चांगला पाठ आवाज करतो! ‘ठाणे महापालिका कधी झाली?’ ‘१९८२.’ ‘नवी मुंबईची?’ ‘१९९२.’ छान, शांत, सगळे खूश, वर्गनियंत्रण उत्तम. आणि तिने विचारलं की ‘तुमच्या नळाला दोन दिवस पाणी नाही, तर आई फोन कोणाला करेल, आमदाराला, नगरसेवकाला की वॉर्ड ऑफिसला?’ की झालं, एक म्हणणार आमच्या सोसायटीत सेक्रेटरी काका बघतात, दुसरी म्हणणार आम्ही टँकर मागवतो, तिसरा ओरडणार की मोरबे धरण महापालिकेचंच आहे मग पाणी जातं कुठे, आणि अर्धा वर्ग उभा. इथे तुमच्यासारख्या अनुभवी बाईंनीही ‘गोंधळ’ लिहिलं तर ती पोरगी पुन्हा असा प्रश्न विचारायची नाही. म्हणून कान देऊन ऐका, मुलं कशाबद्दल बोलतायत. पाण्याबद्दल असेल तर तो पाठच आहे. फक्त वर्ग परत खाली आणता येतो का तेवढं बघा, म्हणजे ती हात वर करून गप्प थांबते की गोंगाटावर स्वतःचा आवाज चढवते.

प्रश्न विचारून ती किती थांबते तेही मनात मोजा. मेरी बड रो ह्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तर शिक्षक सरासरी १ सेकंदाच्या आसपासच थांबत होते, ३ सेकंद थांबले की उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. आपल्याकडे तर निम्मं उत्तर बाईच देतात, ‘महाराजांचा जन्म कुठे झाला, शिव... शिवने...’ आणि वर्ग कोरसमध्ये ‘री!’ ह्याला प्रश्न म्हणायचं नाही.

चुकीची माहिती. ती म्हणाली की पहिली रेल्वे मुंबईहून पुण्याला गेली, तर ऐरोलीतलं एखादं पोर स्वतःच ओरडेल ‘ठाण्याला, टीचर!’ नाही ओरडलं तर तास संपल्यावर तिला सांगा, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, आणि दुसऱ्या दिवशी तिलाच वर्गात दुरुस्त करू दे. मुलं त्याने तिला कमी लेखत नाहीत. मात्र जातीधर्मावरून कोणाला लागेल असं काही तोंडून गेलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, चिठ्ठी पाठवा आणि त्याच तासात तिला सावरायला लावा. (आणि शाळेचा जिल्ह्याचा नकाशा एकदा उघडून बघा हो, पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण कपाटातला ठाणे जिल्हा कधी कधी अजून डहाणूपर्यंत असतो.)

बोलायचं ते त्याच दिवशी, मुलांसमोर नाही, स्टाफरूममध्ये चारचौघांतही नाही. आधी तिला विचारा ‘कुठे हातातून सुटला असं वाटलं?’, बहुतेक वेळा तिला माहीत असतं. मग दोनच गोष्टी, एक चालू ठेव, एक उद्या बदल. बारा सूचना दिल्यात तर ती बाराही विसरणार.

प्रश्न : मी कळव्याच्या एका शाळेत बी.एड.ची इंटर्नशिप करतोय. मार्गदर्शक मॅडम वर्गात नसल्या की मुलं सरळ म्हणतात ‘तुम्ही खरे सर थोडीच आहात’ आणि वर्ग डोक्यावर घेतात. मॅडमचं नाव काढलं की पाच मिनिटं गप्प. दुसऱ्या वर्षाचे १६ आठवडे असेच काढायचे का?

उत्तर : मॅडमच्या नावाची धमकी आजपासून बंद, त्याने तुम्हीच कबूल करताय की मुलांचं म्हणणं बरोबर आहे. नावं पाठ करा, बाकांचा आराखडा वहीत काढून. ‘ए निळी बॅग’ म्हटल्यावर कोण ऐकेल? तास सुरू व्हायच्या आधी दाराशी उभे राहा आणि फळ्यावर काम लिहून ठेवा, आत येतील तसे करायला लागतील. ‘खरे सर थोडीच’वर वाद घालू नका, ‘बरं, वही उघड’ एवढंच. आणि भूगोलाला नकाशाची पानं वाटायची असतील तर काय भरायचं, कुठल्या रंगाने, किती वेळात हे सगळं आधी सांगून एखाद्याकडून परत म्हणवून घ्या, मगच पानं वाटा.