आधी पॉलिसी, मग अलॉय

प्रश्न, थोडक्यात: वय ४१, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी. घरी पत्नी आणि १२ वर्षांची मुलगी. गृहकर्ज २२ लाख बाकी. काकांकडून आलेली १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मॉडिफाय करतोय. तिला १५ x ७ ची (इंचात व्यास आणि रुंदी), शून्य ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून गाडीला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) अलॉय चाकं आणि २०५/५० आर १५ टायर घालायचे आहेत. सगळं मिळून सव्वादोन लाख. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मिळतंय, घ्यावं का? मुलीच्या इंजिनिअरिंगची चिंता नाही. बँकेतून घेतलेल्या पॉलिसीत वर्षाला दीड लाख भरतो, ते दुप्पट होणार आहेत. तीन हप्ते भरून झाले.

कर्ज घेऊ नका. तीन वर्षं महिन्याला ७,७०० रुपये, त्यात व्याजच पन्नास हजारांवर. शिवाय ज्या चाकांसाठी हा खटाटोप, ती त्या गाडीला धड बसणारही नाहीत.

मूळचं स्टीलचं चाक ५ इंच रुंद धरा. ७ इंची घेतलं की ऑफसेट तोच ठेवूनही आत २५ आणि बाहेर २५ मिलिमीटर वाढले. सध्याचा ऑफसेट समजा +२० निघाला, तर शून्यावर आल्यावर अख्खं चाक आणखी २० मिलिमीटर बाहेर सरकतं. बाहेरची कड ४५ मिलिमीटर पुढे, आतली जेमतेम ५. मागच्या मडगार्डखाली एवढी जागा नाही, गाडी दबली की टायर घासणार. मग गॅरेजवाला मडगार्ड कापू म्हणेल, आणि खरं नुकसान तिथे आहे. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूपात असेल, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसेल, तरच. इंजिनात आधीच काय केलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही; निदान पत्र्याला तरी कटर लावू देऊ नका.

टायरचंही गणित चुकलंय. मूळच्या १६५ आर १४ चा व्यास साधारण ६२० मिलिमीटर, तुमच्या टायरचा ५८६. गाडी १७ मिलिमीटर खाली बसेल, स्पीडोमीटर पाच-सहा टक्के जास्त दाखवेल आणि कसारा घाटातला एखादा खड्डा रिमला बाक आणेल.

१५ x ५.५ चं रिम, मूळच्या जवळचा ऑफसेट आणि १८५/६५ आर १५ टायर घ्या. व्यास ६२१, म्हणजे मूळ मापच. स्विफ्ट-अर्टिगाला चालणारं हे माप मुंबई नाक्यावर काय, सातपूरला काय, कुठेही मिळतं. ऑफसेट मोजायला चाक उतरवा, हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून रिमच्या एकूण रुंदीचा निम्मा भाग वजा करा. एकूण म्हणजे कडेपासून कडेपर्यंत. छापलेले ५ इंच धरलेत तर उत्तर चुकेल. पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास (मिलिमीटरमध्ये), ४ x ११४.३ हवा. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांची अलॉय बहुतेक ४ x १०० ची असतात. भोकं वाढवून बसवून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानातून तसेच बाहेर पडा. तुमची गाडी वायर-व्हीलची, म्हणजे तारांच्या चाकांची, असेल तर मागचा अ‍ॅक्सल अरुंद असतो, सगळी मापं बदलतात. खर्च बोनसमधून करा.

आता न विचारलेलं. पत्रासोबतच्या तक्त्यात दहा हप्ते, म्हणजे १५ लाख, आणि विसाव्या वर्षाअखेरीस ३० लाख आहेत. तीन वर्षं गेली, सतरा उरली. मुलगी तेव्हा २९ ची असेल. इंजिनिअरिंगची फी सहा वर्षांनी भरायची आहे हो! ज्याने ही पॉलिसी ‘मुलीसाठी’ म्हणून विकली, त्याने तिचं वय तरी विचारलं होतं का?

दुप्पट म्हणजे किती, तेही बघा. प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, त्यामुळे परतावा पडतो साडेचार टक्के. पीपीएफ ७.१ देतंय. विमा म्हणाल तर १५ लाखांचा, तुमचं गृहकर्जही त्यात फिटणार नाही.

एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) आधी काढा; निर्व्यसनी असाल तर वर्षाला २०-२५ हजार धरा. मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडून पैसे घेतल्यास) किती, आणि पेड-अप करून सोडल्यास (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास) विसाव्या वर्षी किती. सरेंडरचे समजा दोन लाख आले, तर सात टक्क्यांनी सतरा वर्षांत त्यांचे सव्वासहा लाख होतात. पेड-अपचा आकडा त्याहून मोठा असेल तर पेड-अप, नाहीतर सरेंडर. पुढचे सात हप्ते मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

सुकन्या समृद्धी दहा वर्षांच्या आतच उघडता येते, ती संधी गेली. वाचलेले दीड लाख म्हणजे महिना साडेबारा हजार. निम्मे आरडीत, निम्मे इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात). शेवटच्या दोन वर्षांत फंडातले हळूहळू काढून एफडीत. सात टक्के धरले तर सहा वर्षांत अकरा लाख. बारा-पंधरा टक्के धरून स्वप्नं रंगवू नका, मुदत तेवढी नाही.

बंद करायला गेलात की बँकेतला माणूस दुसरी पॉलिसी पुढे करेल. सही करू नका. आणि टर्म विम्याची कागदपत्रं हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका.