वाचक विचारतात: अठरा पूर्ण झाली, पण यादीत नाव कुठंय?

प्रश्न: ताई, मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, माटुंग्याला हॉस्टेलवर राहते, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. अजून मतदार यादीत नाव नाही. बाबा म्हणतात मत गावालाच द्यायचं. इथे नाव घालावं म्हणून हॉस्टेलच्या ऑफिसात दाखला मागितला तर म्हणाले, तुम्ही बाहेरच्या मुली, दोन वर्षांनी निघून जाणार, तुम्हाला इथलं मत कशाला? मग मी नक्की कुठली? आणि माझा भाऊ १६ ऑगस्टला अठरा पूर्ण करतोय, त्याने फॉर्म कधी भरायचा? तो तर म्हणतो मत सोळाव्या वर्षीच मिळायला पाहिजे.
— एक विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर: तुझं पत्र वाचून राग आला गं, तुझ्यावर नाही, त्या ऑफिसातल्या उत्तरावर. वर्षाचे दहा महिने तू इथलं पाणी पितेस, इथल्या लोकलला लटकतेस, पावसात हॉस्टेलसमोर गुडघाभर पाणी तुंबलं की त्यातून कॉलेजला तूच जातेस, आणि मतदानाच्या वेळी मात्र तू बाहेरची? असं कसं चालेल.

कायदा तुझ्या बाजूने आहे. हॉस्टेलमध्ये राहणारा विद्यार्थी गावच्या घरच्या पत्त्यावर नाव घालू शकतो किंवा हॉस्टेलच्या, निवड त्याची. फक्त दोन्हीकडे नको, दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नवीन नावासाठी फॉर्म ६, उद्या मुक्काम हलला तर फॉर्म ८. दाखला लेखी अर्ज देऊन माग, पोच घे, तरी देत नसतील तर थेट प्राचार्यांकडे जा, त्यांची सही चालते. बाबांना सांग, गाव सुटत नाही, पण जिथे रोज जगतेस तिथला आमदार निवडताना तुझं मत लागतं.

आता भावाचं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, २ जानेवारीला अठरा झालेल्याला अख्खं वर्ष थांबावं लागायचं. २०२१ ला कायदा बदलला आणि आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या चार महिन्यांची १ तारीख धरतात. म्हणजे तो १ ऑक्टोबरच्या यादीत बसतो, आणि सतरा पूर्ण असतील तर अर्ज आधीच भरून ठेवता येतो, वाट बघत बसू नका. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नवीन नाव चढत नाही, आणि मुलं नेमकी प्रचाराचे भोंगे वाजायला लागल्यावर जागी होतात. महापालिकेला तर विधानसभेचीच यादी वापरतात, तीही आयोगाने ठरवलेल्या एका तारखेची, त्यानंतरची नावं त्यात येत नाहीत.

मी स्वतः एकोणीस वर्षांची होते १९८९ ला. तोपर्यंत मतदानाचं वय एकवीस होतं, ६१ वी घटनादुरुस्ती झाली, २८ मार्च १९८९ पासून अठरा लागू झालं आणि नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक आली. गिरगावातल्या शाळेत रांगेत उभी राहिले, बाकड्यावर बसलेल्या मास्तरांनी पट्टी ठेवून यादीत माझं नाव शोधलं आणि मोठ्याने वाचलं, आजही कानात आहे. माझ्यापुढच्या मुलीचं नाव मात्र नव्हतं, ती परत परत म्हणत होती, मी इथेच राहते हो.

सोळाचं म्हणशील तर ऑस्ट्रियात २००७ पासून सोळाला मत आहे, ब्राझीलमध्ये १९८८ पासून सोळा-सतरावाल्यांना ऐच्छिक आहे, त्यामुळे भावाचं म्हणणं वेडेपणाचं अजिबात नाही. पण मला विचारशील तर आधी कॉलेजातल्या निवडणुका परत सुरू करा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात त्या बंद झाल्या, २०१६ च्या कायद्याने परत आणल्या खऱ्या, पण त्या पुढे ढकलल्या जातात. मुलं अकरावी ते पदवी एकदाही मत न देता बाहेर पडतात, उमेदवाराला प्रश्न विचारायची सवय लागणार कुठून? भावाला हेही सांग की मत अठराला, पण नगरसेवकपदाला उभं राहायला एकवीस आणि आमदार-खासदार व्हायला पंचवीस लागतात, त्यावरही वाद घालावा त्याने, मी ऐकेन.

तू मात्र आज फोटो, दहावीची मार्कशीट आणि दाखल्याचा अर्ज एका फोल्डरमध्ये घाल. दाखला मिळाला की मला कळव, नाही मिळाला तरी कळव.